NBA (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मधला सगळ्यात अ‍ॅथलेटिक गार्ड (बॉल पुढे नेणारा, सहसा टीममधला कमी उंचीचा खेळाडू) कोण? मायकल जॉर्डन सोडून सांगा

प्रश्न: जॉर्डनचं नाव घेतलं की वादच संपतो, १९८८ ला फ्री थ्रो लाइनवरून (बास्केटपासून १५ फूट) उडी मारून डंक केला (बॉल हाताने थेट बास्केटमध्ये कोंबला) वगैरे, म्हणून तो बाजूला ठेवू. रसेल वेस्टब्रूक, डेरिक रोझ, ड्वेन वेड, अ‍ॅलन आयव्हर्सन यांच्यात तुम्ही कोणाला वर ठेवाल?

उत्तर १: डोळे झाकून वेस्टब्रूक. २०१६-१७ ला अख्खा सीझन ट्रिपल-डबलचं (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट अशा तीन गोष्टींत दोन आकडी) अ‍ॅव्हरेज काढलं आणि तेही गार्ड असून, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) स्वतःच घ्यायचा आणि समोरच्यांना वळायला वेळ मिळायच्या आत पलीकडच्या बास्केटखाली पोचलेला असायचा. शूटिंगचं मात्र बोलू नका 😅

उत्तर २: नुसता वेग आणि उडी म्हणजेच अ‍ॅथलेटिक का? रोझ बघा, फुल स्पीडमध्ये येऊन एका पावलात दिशा बदलायचा आणि तिथूनच हवेत. २०११ ला २२ व्या वर्षी एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफमध्ये गुडघा गेला. त्या गुडघ्यांवर किती लोड येत असेल विचार करा.

उत्तर ३: वेडला सगळे विसरतात राव. ६ फूट ४ इंच उंची आणि २००८-०९ ला १०० च्या वर ब्लॉक! उंच सेंटर लोकांचे शॉट मागून येऊन उडवायचा. टायमिंग हा पण अ‍ॅथलेटिसिझमच आहे ना.

प्रश्नकर्ता: ब्लॉकचं डोक्यातच नव्हतं. पण आयव्हर्सनबद्दल कोणीच काही बोललं नाही, जेमतेम ६ फुटांचा माणूस रोज त्या धिप्पाड लोकांत घुसून आपटायचा आणि परत उठायचा, मी तर त्यालाच मत देणार.