बाबांचे कान, ऊन आणि कानाचं मशीन : सल्ला हवा

लेक_अकोल्याची
नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे, अकोला जिल्ह्यात शेती. दोन वर्षांपासून ऐकू कमी येतंय. नातू बोलला की "काय म्हनतो रे?" असं चारदा विचारतात. घरात सगळे म्हणतात, जन्मभर उन्हात राबले, उन्हानं कान गेले. मागच्या महिन्यात कानामागचं मशीन घेतलं. पण ४४-४५ अंशांत डोक्याला दुपट्टा बांधला की ते शिट्टी मारतं, म्हणून बाबा काढूनच ठेवतात. उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपलीही आहे, निघते आणि पुन्हा धरते. काय करावं?

श्रवणतज्ज्ञ
ताई, आधी खपली. टोपी घालणाऱ्यांचा कान उघडाच राहतो आणि वरच्या कडेवर वर्षानुवर्षं ऊन पडतं. कानाची ही कड उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नेहमीची जागा आहे. घाबरू नका, साधी जखमही असेल, पण तीन-चार आठवड्यांत न भरलेली खपली त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवी. हळद-तेल लावत बसू नका.

आता ऐकण्याचं. ऐकण्याचं इंद्रिय कवटीच्या हाडात खोल असतं, तिथे ऊन पोचत नाही. बाबा थ्रेशरवर काम करतात का? ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या हिशोबाने त्यावर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास. अशा आवाजानं आधी बारीक, उंच स्वर जातात. माणूस बोलतोय हे कळतं, शब्द कळत नाहीत. लहान मुलांचं बोलणं तर जास्तच निसटतं.

लेक_अकोल्याची
वीस वर्षं गहू-हरभऱ्याची मळणी बाबांनीच केली! कानात कधी कापूससुद्धा घातला नाही. उन्हालाच दोष देत बसलो आम्ही.

श्रवणतज्ज्ञ
कापसानं फारसं काही होत नाही. फोमचे इअरप्लग किंवा इअरमफ घ्या, घरात जो कोणी थ्रेशरवर उभा राहतो त्या प्रत्येकासाठी. आणि कधी एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर ऊन लागलं म्हणून थांबू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा. औषधाचा उपयोग लवकर गेलं तरच होतो.

सहा_वर्षं_मशीन
शिट्टीचं सांगतो. दुपट्टा माइकवर घट्ट बसला की आवाज परत आत फिरतो. पातळ सुती दुपट्टा घ्या, कानावर सैल सोडा. कानाच्या कडेला सनस्क्रीन लावायचं तर आधी लावा, सुकू द्या, हात धुवा, मगच मशीन घाला. माझ्या माइकची जाळी एकदा मलमानंच बुजली होती.
खरा शत्रू घाम. दुपारी जेवायला बसले की कोरड्या फडक्यानं मशीन पुसायचं. रात्री बॅटरीचं दार उघडून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. ट्रॅक्टरच्या टपावर किंवा बंद गाडीत कधीच नको.

पुणेकर_आजी
ऊन अगदीच टाळू नका हो. मला कुशीवर वळताना गरगरायचं, ही चक्करही आतल्या कानातूनच येते; 'ड' जीवनसत्त्व फार कमी निघालं. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या अभ्यासात असं 'ड' कमी असलेल्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यावर चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण घटलं होतं. रक्त तपासूनच गोळ्या घ्या.

लेक_अकोल्याची
सोमवारी बाबांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेतेय. डबी आजच आणली. बाबांनी झोपताना मशीन स्वतः पुसून तिच्यात ठेवलं.