प्लांटेड टँकसाठी डाळिंबाच्या बागेतली काळी माती चालेल का?

जुळे_सोलापूरकर: नमस्कार. दोन फुटी टाकी घेतलीय. भरपूर झाडं, गप्पी मासे आणि चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) असा बेत आहे. तयार अ‍ॅक्वासॉइल (टाकीसाठीची विकतची माती) खिशाला झेपत नाही. सांगोल्याला मामांची डाळिंबाची बाग आहे, तिथली काळी माती फुकट मिळेल. वर वाळू टाकली की झालं ना? पाणी बोअरचं.

गप्पीवाला: माती कशाला, नर्सरीतलं पॉटिंग मिक्स आणा. हलकं असतं.

सिद्धेश्वर_पेठ: पॉटिंग मिक्स अजिबात नको ओ. त्यात शेणखत, निंबोळी पेंड, कधी युरियासुद्धा असतो. पाण्यात गेलं की अमोनिया वाढतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. शिवाय पर्लाइटचे ते पांढरे दाणे सतत वर तरंगत राहतात, ते वेगळंच.

आता बागेतली माती. चिमूटभर वाटीत घेऊन व्हिनेगर ओता, फसफसली तर चुनखडी आहे. आपल्या काळ्या रानात ती बहुतेक निघतेच, पण तिला घाबरू नका. बोअरचं पाणी तसंही जड, आणि गप्पीला, व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीला जड पाणी मानवतं.

खरी भानगड बोर्डोची आहे. तेल्या रोग अन् बुरशीसाठी डाळिंबावर मोरचूद-चुन्याचं हे मिश्रण फवारतात. मोरचुदातलं तांबं मातीला धरून बसतं, धुऊन निघत नाही. गप्पी कदाचित तगतील, श्रिंप आणि गोगलगायी नाही तगणार. बांधावरची आणू म्हणाल, तर तिथं तणनाशक मारलेलं असतं. मामांना आधी नीट विचारा.

जुळे_सोलापूरकर: विचारलं. बोर्डो दर हंगामात असतोच म्हणाले. विहिरीपलीकडं पडीक तुकडा आहे, तिथं कधी काही मारलं नाही म्हणे.

सिद्धेश्वर_पेठ: मग तीच आणा, वरचा काडीकचरा बाजूला सारून. चाळा, बादलीत भिजवा, तरंगेल ते ओतून द्या, गच्चीवर पसरून वाळवा, परत भिजवा. असं तीन-चारदा. एवढ्या उन्हात ढेकळं दिवसभरात खडखडीत होतात, सोलापूरच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

थर एक इंचाच्या वर नको. काळी माती पाण्यात फुगते, जाड थरात खाली हवा पोचत नाही आणि काडी खुपसली की सडक्या अंड्याचा वास येतो. वर दीड इंच जाडसर धुतलेली वाळू. पाणी सोडताना ताटली ठेवून तिच्यावर सोडा, नाहीतर सगळा चिखल वर येईल.

जुळे_सोलापूरकर: अनुबियासचं झाड पण आणलंय. ते मातीतच लावू ना?

सिद्धेश्वर_पेठ: नको, आडवं खोड पुरलं की कुजतं. दोऱ्यानं दगडाला बांधा. आणि श्रिंपची घाई करू नका. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट शून्य आल्यावर आधी चार-दोन गोगलगायी सोडा. त्या आठवडाभर काचेवर नीट फिरल्या तर श्रिंप आणा. कवचात शिरून तळाशी पडून राहिल्या तर माती बदला.