जळगाव-धुळ्यात फायबर आलं, पण निवड आली का?

तापीकाठ (चोपडा): गल्लीत फायबर (काचेच्या तंतूची तार) आलं की लोक म्हणतात, आता इंटरनेटचा प्रश्न मिटला. मला अजिबात पटत नाही. टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल होतं तोवर केबलवाल्याला निदान कुणाची तरी धास्ती होती. आता बोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, खांबावर चढणारा माणूस त्याच केबलवाल्याचा, म्हणजे मक्तेदारीच. मोबाइल नंबर जसा पोर्ट करता येतो, तसं इथे काहीच नाही.

केळीबाग (रावेर): भाऊ, डीएसएलची कसली धास्ती? त्यातल्या एडीएसएल२+ या प्रकाराचा कागदावरचा कमाल वेग २४ एमबीपीएस, तोही एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला. तीन-चार किलोमीटरवर तांब्याच्या तारेत सिग्नल विरतो. आमचं घर मळ्यात. पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि मोडेमचा दिवा नुसता लुकलुकत राहायचा. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. ते दिवस नकोतच.

भुसावळचा ऑपरेटर: मी केबलवालाच आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेत केबल कंपन्या टीव्हीच्या त्याच जुन्या कोॲक्स केबलवरून डॉक्सिस ३.१ या तंत्राने गिगाबिटचा वेग देतात. इथे आम्हाला ते जमण्यासारखं नव्हतं. कोॲक्सला वाटेत सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर लागतात, त्यांना वीज लागते. भारनियमनात मधला एक बंद पडला की पुढची अख्खी गल्ली गेली. फायबरमधला सिग्नल घराघरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. म्हणून कर्ज काढून फायबर ओढलं. त्याला मक्तेदारी म्हणता?

तापीकाठ: हो, म्हणतो. जीपीओएन या फायबर पद्धतीत एका तारेचे अडीच जीबीपीएस ३२ नाहीतर ६४ घरांत वाटले जातात. रात्री वेग पडला, तर गिऱ्हाइकाने जायचं कुठे?

सातपुडा (धडगाव): तुम्ही दुसऱ्या तारेसाठी भांडताय, आमच्या पाड्यावर पहिलीच नाही. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ ची, आता तिला भारतनेट म्हणतात. पण डोंगरात विखुरलेल्या घरांसाठी कोणती कंपनी खर्च करेल? सरकारने एकच तार घरापर्यंत आणावी आणि सगळ्या कंपन्यांना भाड्याने द्यावी.

तापीकाठ: चोपड्यातही हेच हवं! खांब आणि चर यांची परवानगी देताना नगरपालिकेने तीच अट घालावी.

भुसावळचा ऑपरेटर: घाला की. पण महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली, की रात्री फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन आमचीच पोरं जातात. तो खर्च भाड्यात धरणार असाल, तर बोलू.