अनुभव धागा: सगळ्यांचा मिळून एक रिमोट, चालतोय का तुमच्याकडे?

टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, एसी. प्रत्येकाचा रिमोट वेगळा, म्हणून बरेच सोलापूरकर युनिव्हर्सल रिमोट आणतात. कुणाला तो मानवतो, कुणी आठवड्यात ड्रॉवरमध्ये टाकतं. कुठला घेतला, कशावर चालला, कुठे अडला, घरच्यांचं काय म्हणणं, सविस्तर लिहा. नुसतं ‘कुठला चांगला?’ विचारू नका, दुकानदार सांगतोच ते.

जुळे सोलापूर
नवी पेठेतून साधा, कोड भरायचा घेतला. सोबत मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद. त्यात आमच्या टीव्हीच्या कंपनीपुढे कोडांची रांगच होती. एकावर आवाज चालायचा पण मेनू नाही, दुसऱ्यावर मेनू चालायचा पण एचडीएमआय बदलेना. शेवटी सर्च लावला. रिमोट एकेक कोड सोडत जातो, टीव्ही बंद झाला की त्या क्षणी बटण सोडायचं. बोट रेंगाळलं की गाडी पुढच्या कोडवर. जमलं एकदाचं, आणि सेल बदलल्यावर पठ्ठ्या सगळं विसरला! आता कोड मागच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलाय.

अक्कलकोट रोड (दुरुस्तीचं काम करतो)
वरच्यांना: कोडवाला सोडा, लर्निंगवाला घ्या. जुना रिमोट आणि नवा तोंडाला तोंड लावून ठेवायचे, एकेक बटण शिकवायचं. उन्हाच्या तिरिपीत करू नका. बहुतेक रिमोटचा इन्फ्रारेड सिग्नल ३८ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, तो लर्निंगवाला उचलतो. टीव्हीला मागून लावायच्या फायर स्टिकसारख्या स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्याची नक्कल होत नाही. गिऱ्हाईक यावरूनच भांडतं. एसीचं आणखी वेगळं. त्याचा रिमोट दर दाबाला तापमान, मोड, पंखा सगळं एकत्र पाठवतो. म्हणजे ‘२४, कूल’ शिकवलं तर २४ कूलच जाणार, ‘एक डिग्री कमी’ असं वेगळं बटण शिकवता येत नाही. आणि रिमोट मेला असं ठरवण्याआधी मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाला जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट सिग्नल सोडतोय, दोष पुढे शोधा.

अशोक चौक
आमच्याकडं आज्जीला तेलुगू मालिका, बाबांना बातम्या. एक रिमोट झाला म्हणून भांडण मिटलं वाटलं, तर आता त्या एकावरच झोंबाझोंबी चाललीय बे! त्यातून लाईट गेली अन् आली की गंमत. बॉक्स आपोआप चालू, टीव्ही बंद. एकाच बटणावर दोन्ही बसवलंय, ते दाबलं की टीव्ही चालू होतो अन् बॉक्स बंद. परत दाबलं की उलटं. आज्जी म्हणती, ‘पहिलंच बरं होतं की.’ खरंय तिचं. दोन्हीचं पॉवर वेगवेगळ्या बटणावर ठेवा.

सात रस्ता
विकत काही आणू नका. बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीची पॉवर-आवाजाची बटणं आहेत का बघा, बऱ्याचदा तीही शिकतात. आमचं नव्वद टक्के काम तेवढ्यात भागतं.

होटगी रोड
माझ्या फोनला वर इन्फ्रारेड आहे. एप्रिल-मेमध्ये एसीचा रिमोट सापडेना तेव्हा त्यावरच निभावलं. तक्रार एकच, मी ऑफिसला निघालो की घरचा एसीही माझ्या खिशातून निघतो. बायकोने दुसऱ्या दिवशी मूळ रिमोट शोधून काढला, सोफ्याच्या फटीत होता.

विजापूर रोड
लॉजिटेक कंपनीचा हार्मनी हा युनिव्हर्सल रिमोट वापरतो. ‘सिनेमा’ दाबलं की टीव्ही, अॅम्प्लिफायर, प्लेअर तिन्ही क्रमाने सुरू, इनपुटही बरोबर लागतं. त्याच्यासारखं सुख दुसऱ्या कशात मिळालं नाही. लॉजिटेकने २०२१ मध्ये ते बनवणं थांबवलं, त्यामुळे हा खाली पडू नये म्हणून सिलिकॉनचं कव्हर घातलंय. पोरांना हात लावू देत नाही.

बाळीवेस
आईची नजर अधू आहे. तिच्यासाठी मोठ्या बटणांचा लर्निंग रिमोट घेतला: पॉवर, आवाज, चॅनल, बस. नको ते दाबून सेटिंग बिघडवायची सोयच नाही. मूळ रिमोट मात्र टाकू नका कुणी, चॅनल पुन्हा लावताना तोच लागतो.

जुळे सोलापूर
अक्कलकोट रोडवाले दादा, शिकवताना ‘एरर’सारखे तीन झटके लाल दिवा मारतोय. सेल बदलले. आता?

अक्कलकोट रोड
ट्यूबलाइट बंद करा, दोन रिमोटमध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवून बघा. तरी नाही झालं तर शनिवारी घेऊन या.