जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट आणि टप घरीच रंगवायचाय, स्प्रे कॅन घेऊ की कॉम्प्रेसर?

ओझरकर_७
२००८ ची छोटी हॅचबॅक, साधा पांढरा रंग, मेटॅलिक नाही. बॉनेट आणि टप खडूसारखे झालेत, हात फिरवला की पांढरी पूड लागते. मागच्या चाकाच्या कमानीवर रुपयाएवढा रंग फुगलाय. घरामागे शेड आहे, तीन बाजूंनी उघडी. १ एचपी, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर मिळतोय. आजवर लोखंडी गेट सोडून काही रंगवलेलं नाही. कशाने करू आणि किती सामान आणू?

रबिंगवाला
आधी रंगवायची गरज आहे का ते बघा. काळ्या सुती कापडावर रबिंग कंपाउंड घेऊन बॉनेटच्या वीतभर जागेवर घासा. कापड पांढरं झालं तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही; उन्हाने मेलेला थर निघतोय आणि खाली जिवंत रंग असू शकतो. तिथे चकाकी आली तर पूर्ण बॉनेट रबिंग करून वॅक्स लावा, काम संपलं. घासताना राखाडी प्रायमर डोकावला की थांबा, तिथे रंग उरलेलाच नाही. कडा आणि उंचवट्यांना आधी टेप लावा, तिथला रंग सगळ्यात पातळ असतो.

गन_१३
रबिंगने नाही जमलं तर पुढचं वाचा.

स्प्रे कॅन या कामाला नको. ४०० मिलीचा कॅन जेमतेम एक चौरस मीटर झाकतो, आणि साध्या कॅनमध्ये हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) नसल्याने रंग पुढे पेट्रोलच्या थेंबानेही सुटतो. आरशाचं कव्हर किंवा बंपरचा कोपरा असेल तर ठीक.

तुमचा कॉम्प्रेसर मोठ्या गनला पुरणार नाही. एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी) गन साधारण ८ ते १२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खाते, १ एचपी त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. मधेच दाब पडतो, रंग नीट फुटत नाही आणि संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो. छोटी १ मिमी नोझलची टचअप गन लावली तर बॉनेट होईल. टपाला मात्र ३ एचपीचा कॉम्प्रेसर भाड्याने आणा आणि १.३ मिमी नोझलची गन घ्या. नाहीतर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिली कड सुकते.

बॉनेट काढूनच रंगवा. बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा, वॉशरची नळी सोडवा, दोघांनी धरून चार बोल्ट काढा.

घासण्याआधी भांड्यांच्या साबणाने धुवा आणि डीग्रीझरने पुसा. आधी घासलं तर जुनं पॉलिश ओरखड्यांत शिरतं, मग नव्या रंगाला खड्डे पडतात. चांगल्या रंगावर ६०० चा वॉटर पेपर (ओला घासकागद; आकडा मोठा तेवढा बारीक), रबरी ब्लॉकवर. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा उन्हात दिसतात. पत्रा उघडा पडला तिथे १८० आणि ३२० ने कडा उतरवा, इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा), वर सर्फेसरचे (बारीक खड्डे भरणाऱ्या प्रायमरचे) दोन हात. रात्रभर सुकू द्या. त्यावर काळ्या स्प्रेचा हलका धुरळा मारून ६०० ने घासा. काळं जिथे उरेल तिथे खड्डा आहे.

दोन्ही मिळून अंदाजे तीन चौरस मीटर. ५०० मिली पीयू (पॉलीयुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा) रंग, २५० मिली हार्डनर, ७५ मिली पीयू थिनर यात भागतं. तरी रंग लिटरभर घ्या, नवख्या हाताचा वाया जातो. प्रमाण डब्यावरचंच पाळा, काही रंग ४:१ चे (चार भाग रंगाला एक भाग हार्डनर) असतात. स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर यात अजिबात नको.

ट्रिगर दाबलेला असताना २ बार, अंतर १५ ते २० सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. पहिला हात हलका, पुढचे दोन भरून, मधे १० ते १५ मिनिटं. टप जवळच्या कडेपासून मध्यापर्यंत मारा, मग पलीकडे जाऊन मध्यापासून बाहेर या. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर किंवा पावसाळी दमट हवेत नको.

इनामदार_डेंटिंग
वरचं सगळं बरोबर, पण शेडमध्ये पीयू मारायला माझा विरोध आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. कापडी मास्क आणि एन९५ त्याला निरुपयोगी. रबरी मास्कला ऑरगॅनिक व्हेपरची (रसायनांची वाफ अडवणारी) नवी कार्ट्रिज आणि पुढे धुळीचा फिल्टर ही किमान गोष्ट, शिवाय नायट्राइल हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या. कार्ट्रिज संपल्याचं वासावरून कळत नाही. दमा असलेल्याने या कामाच्या जवळही जाऊ नये. उघड्या शेडमधला धुरळा शेजाऱ्याच्या गाडीवर बसतो ते वेगळंच.

मेहनत सगळी घासण्यात आहे, ती घरी करा. शेवटचे तीन हात बूथवाल्याकडून (बंद रंगखोली असलेल्या गॅरेजातून) मारून घ्या, प्रायमर कोणता लावलाय ते त्याला सांगा.

ओझरकर_७
बूथचं पटतंय, चौकशी करतो. कमानीचं काय करू? आणि पांढरा पांढऱ्याला जुळेल ना?

इनामदार_डेंटिंग
फुगवटा बाहेर रुपयाएवढा असेल तर आत तळहाताएवढा गंज धरून चाला. कमानीच्या आतल्या घडीत चिखल साचतो, तिथून पत्रा खातो. स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. आरपार गेला तर सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. गंजावर थेट लांबी (पुटी) भरू नका, ती ओल शोषते आणि एका पावसाळ्यात परत फुगते. पत्रा शाबूत असेल तर चकचकीत होईपर्यंत घासा, इपॉक्सी, त्यावर लांबी. लांबीत हार्डनर २ ते ३ टक्के, आणि एका वेळी पाच मिनिटांत लावून होईल एवढीच कालवा.

गन_१३
रंगाचा कोड गाडीच्या प्लेटवर मिळेल, पण इतक्या वर्षांत पांढरा पिवळसर झालेला असतो. पेट्रोलचं झाकण काढून मिक्सिंगच्या दुकानात न्या. पुठ्ठ्यावर मारून, सुकल्यावर, उन्हात फेंडरशेजारी धरा. टपातला फरक खपतो, बॉनेट आणि फेंडर शेजारी असल्याने तिथे लगेच दिसतो.

ओघळ आला तर ओल्यात बोट लावू नका. दोन दिवसांनी १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने ब्लॉकवर उतरवा, मग रबिंग. महिनाभर वॅक्स नको.