ध्यानाला बसलो की धडधड वाढते. कुणाला असा अनुभव?

हिंजवडीकर_सांगलीचा:
वय २८, गे. ताईला माहीत आहे, आईबाबांना नाही. तुळशीचं लग्न लागलं आणि आईने मला न विचारता माझा बायोडाटा नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडला. 'निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा टू बीएचके.' (फ्लॅट बँकेचा आहे, असो.) तेव्हापासून झोप उडाली आहे.

ऑफिसात माइंडफुलनेसचं सेशन झालं. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, विचार आले तर जाऊ द्या. माझे जातच नाहीत. नववीत पीटीच्या तासाला 'ए बायल्या, इकडे बॉल टाक' म्हणून खिदळणारी पोरं, मागोमाग बाबांचं 'नीट चाल जरा'. छाती धडधडायला लागते, मी डोळे उघडतो. वर आणखी वाटतं, आपल्याला साधं बसायलाही जमत नाही.

रूममेट म्हणतो, इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून ये, सगळं निघून जाईल. जाऊ का? गेल्या वर्षी एका डॉक्टरांकडे गेलो होतो. 'लग्न कर, सवयीने जमतं' म्हणाले. फी मात्र पूर्ण घेतली.

दादरचा_काका:
अरे बाबा, हा सवयीचा सल्ला मला माझ्या तरुणपणी मिळाला होता. तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम डोक्यावर होतं, डॉक्टरांना काय बोलणार? आता त्यांना सबब नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजार नाही हे २०१८ मध्येच जाहीर केलंय. मद्रास उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लैंगिकता 'बदलण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. आणि ज्या मुलीशी लग्न लावायचं तिने कुणाचं काय घोडं मारलंय?

पुढच्या वेळी अपॉइंटमेंट घेतानाच सरळ विचार, 'मी गे आहे. तुम्ही याला आजार मानता का?' आढेवेढे घेतले तर फोन ठेव. मुंबईला येणं होत असेल तर हमसफर ट्रस्ट आहे, आपल्यासारख्यांसाठी काम करणारी संस्था, १९९४ पासून. तिथे आपली ओळख समजावून सांगण्यात पहिला तास जात नाही.

समुपदेशक_नागपूर:
तुम्हाला ध्यान जमत नाही असं नाही. ज्याला वर्षानुवर्षं चिडवलं गेलंय, त्याने डोळे मिटून आत बघितलं की बऱ्याचदा तेच आधी वर येतं. तेव्हा डोळे उघडे ठेवा. पाय जमिनीवर टेकवा, तळव्यांना फरशी गार लागते का बघा. पंखा, कुकरची शिट्टी, खालची रिक्षा, जे कानावर पडेल ते ऐका. दोन-तीन मिनिटं पुरे. धडधड वाढली तर उठून चाला, तेही ध्यानच आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत माइंडफुलनेसचे वर्ग सुरू केले ते मुख्यतः जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी, काही आठवडे, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. ऑफिसातल्या एका सेशनवरून स्वतःला नापास करू नका.

संशोधक इलन मायर यांनी २००३ मध्ये अल्पसंख्याकांच्या (इथे समलैंगिक लोकांच्या) ताणाबद्दल जे मांडलं, ते तुम्हाला लागू पडतं. प्रत्यक्ष हिणवणूक हा एक ताण. कुणाला कळेल का ही भीती दुसरा. 'आपल्यातच काहीतरी खोट आहे' हे मनात मुरलेलं, तो तिसरा. श्वासाने धडधड जरा उतरेल, पण बायोडाटा फिरत असताना ती होणारच. त्यात तुमचा बिघाड काही नाही.

झोप उडालेली असताना दहा दिवसांचं मौन मी तरी सुचवणार नाही. तिथे फोन जमा होतो, पहाटे चारला घंटा. नंतर कधी गेलात तर अर्जात तब्येतीची माहिती खरी लिहा. आणि रात्री फारच जड वाटलं तर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कोथरूडची_चिंगी:
दादा, मी विपश्यना केली आहे आणि मला आवडली. पण तेव्हा घरी सांगून झालेलं होतं, आईची रडारड उरकली होती, रविवारी टेकडीवर जायला आमच्यासारख्याच मुलींची टोळी होती. हे सगळं नसताना गेले असते तर दुसऱ्याच दिवशी बॅग भरली असती.

तुझ्याकडे ताई आहे की! बायोडाटा तिला थांबवू दे. माझ्या वेळी मावशीने 'पत्रिकेत दोष आहे, दोन वर्षं नको' अशी थाप मारली होती. आई अजून त्या गुरुजींना शोधतेय.

हिंजवडीकर_सांगलीचा:
पत्रिकेचं भारी आहे, पण आमच्याकडे बाबाच पत्रिका बघतात :( ताईशी बोललो. ती 'कंपनीत कपात चालू आहे, एवढ्यात नको' सांगणार आहे. खोटंही नाही.
काल गॅलरीत डोळे उघडे ठेवून बसलो. समोरच्या बांधकामावरचा मिक्सर ऐकला. धडधड झाली, पण उठावं लागलं नाही.
काका, ते वाक्य फोनऐवजी मेसेजवर विचारलं तर चालेल ना? बोलताना माझी ततपप होते.

दादरचा_काका:
बिनधास्त. उत्तर लेखी मिळेल, उलट बरंच.