खाऊ आणि अभ्यासाच्या मधली दहा मिनिटं: पोरांना कसं गुंतवता?

पडवीवाली, मालवण
शाळा सुटल्यावर आमच्या पडवीत अठरा मुलं सांभाळते. वय पाच ते अकरा. कुणाचे आईवडील होमस्टेत, कुणाचे मासळी बाजारात. सीझनला सातच्या आत कोणी न्यायला येत नाही. खाऊ, अभ्यास, खेळ हे मार्गी लागतं, गोंधळ होतो तो मधल्या वेळात. हात धुवायला नळ एकच. रांग लावली की मागचा पुढच्याला ढकलतो, चपला भिरकावल्या जातात, एखादं रडतं. पावसात अंगणात सोडताही येत नाही. सगळ्यांना मिळून करता येईल असं काही सुचवा. मोबाईल नको. आणि 'शिस्त लावा' एवढंच सांगायचं असेल तर कृपया लिहू नका.

निवृत्त गुरुजी, गुहागर
ताई, माझी नोकरी द्विशिक्षकी शाळांत गेली. चार वर्ग, दोन मास्तर; म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसरा कायम तुमच्या या मधल्या वेळातच बसलेला. त्यामुळे एक नियम पक्का झाला: ज्यात पोर आऊट होतं तो खेळ इथे घ्यायचा नाही. आऊट झालेलं पोर मोकळं बसतं आणि खोड्या तेच काढतं. कुणीही मधूनच उठून गेलं तरी अडणार नाही, असा खेळ हवा.

गावांच्या भेंड्या घ्या. मालवण म्हटलं की 'ण'चा 'न' करायचा: नांदगाव, वेंगुर्ला, लांजा, जैतापूर, रेडी. नळावर जाणारा जातो, खेळ चालूच. दुसरा 'बाजारात गेलो'. पहिला म्हणतो बांगडे आणले, दुसरा बांगडे आणि सोलं, तिसरा बांगडे, सोलं आणि कोकम सरबत. पाच वर्षांच्यांना सुरुवातीला बसवा, त्यांना एकदोन वस्तूच लक्षात ठेवाव्या लागतात. लांबलेली यादी अकरा वर्षांच्यांच्या गळ्यात.

साबण लावून वीस सेकंद तरी हात चोळायला हवेत. बसलेल्यांनी बेचा पाढा सावकाश म्हणायचा, 'बे दाहे वीस' आलं की नळावरच्यांनी हात धुऊन बाजूला व्हायचं.

आजयेचो खळो, वेंगुर्ला
गो बाय, सगळ्यांका एकदम कित्याक उठवतंस? चार-चार पोरां धाड, बाकीची बसान रवतली. अभ्यासाआधी ह्यां कर: एका बोटान तळहातार मारूचा, मगे दोन बोटां, मगे चार, मगे सगळ्यांनी जोरात टाळये. मृगाचो पाऊस इलो! मगे तसोच कमी करीत परत एका बोटार येवचा. पागोळी गळता तितकोच आवाज रवता. तेवाच वही काढूक सांग, ओरडूचा लागणा नाय.

दोन मुलांची आई, दापोली
आमचा धाकटा खेळ अर्धा सोडायला लागला की भोकांड पसरतो. त्याला पाच मिनिटं आधी सांगितलं, 'अजून दोन डाव, मग आवरायचं', तर निम्मा त्रास वाचतो. मोठ्या आवाजाने बावरणारं एखादं मूल असेल तर त्याला वाट्या मांडायला द्या. टाळ्यांत ओढू नका.

पडवीवाली, मालवण
गुरुजी, पाढा लगेच लावून बघितला. मोठ्यांनी मुद्दाम सुसाट म्हटला आणि नळावरच्यांचे हात साबणाचेच राहिले. आता त्यांना तेराचा देते, वेग आपोआप उतरतो. आजये, तुमचा पाऊस पोरांना फारच आवडला. एक जण तर वीजही पाडतो. अजून एक विचारते: हाताला चाळा म्हणून पडवीतल्या काजूबिया देऊ का? सम-विषम खेळतील. धाकटे मात्र सगळं तोंडात घालतात.

निवृत्त गुरुजी, गुहागर
काजूबी नको. कच्च्या बीच्या टरफलात तेल असतं, त्याने ओठ आणि बोटं भाजतात. गुंजा तर अजिबात नकोत, विषारी. चिंचोके मोठ्यांपुरते ठीक, धाकट्यांच्या घशात अडकतील. त्यांना तिसऱ्यांच्या मोठ्या शिंपल्या उकळून, धुऊन द्या. कडा आधी जांभ्यावर घासून घ्या.